माशाच्या पोटात पांढरी फीत, मांसात पिवळे दाणे: नक्की काय आहे हे?

काठावरचा: पाणथळीतले छोटे मासे आहेत, पोट टम्म फुगलेलं म्हणून गाबोळी असेल असं वाटलं, कापलं तर गाबोळीचा पत्ताच नाही, आत पांढरी चपटी फीत, आणि ती चक्क वळवळत होती. दुसऱ्या माशात कल्ल्यांजवळ आणि मांसात दोन-तीन मिलिमीटरचे पिवळे दाणे. पाणी खराब झालंय का? काही औषध टाकता येतं का? आणि हे मासे खायचे की नाही?

पाणकावळा: फीत म्हणजे बहुतेक लिग्युला, पट्टकृमीची अळी. पक्ष्याच्या विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात, तिथून कोपेपॉड या पाण्यातल्या सूक्ष्म जीवामध्ये, तो माशाने गिळला की माशाच्या पोटात. गाबोळी नव्हती ना, ते याच्यामुळेच, हा माशाचं प्रजननच थांबवतो. वर असा मासा सुस्त होऊन पृष्ठभागाजवळ फिरतो आणि पक्ष्याला आयता सापडतो, पक्ष्याच्या आतड्यात मग काही दिवसांतच अंडी तयार.

चिखलपाय: पिवळे दाणे क्लिनोस्टोममचे, म्हणजे एका चपट्या कृमीच्या अळ्यांचे वाटतात. आधी गोगलगाय, मग मासा, शेवटी बगळा, मोठा झालेला कृमी बगळ्याच्या तोंडात-घशात राहतो. म्हणजे नुसते जंत दिसले म्हणून पाणी खराब असं होत नाही, उलट गोगलगाय, मासा, पक्षी तिन्ही तिथे आहेत म्हणून तर हे चक्र चालतंय. पण सांडपाणी किंवा खतं येत असतील तर शेवाळ वाढतं, त्यावर गोगलगायी वाढतात आणि मग माशांवरचा जंतांचा भार वाढतो, तेवढं मात्र बघायला हवं.

काठावरचा: मग औषध?

चिखलपाय: उघड्या पाणथळीत प्लीज काही टाकू नका! प्राझिक्वांटेल हे जंतांचं औषध टाकीतल्या माशांसाठी ठीक, इथे दुसऱ्या दिवशी पक्ष्यांमधून जंतांची अंडी परत पाण्यात येणार, आणि औषधाने पाण्यातले बाकीचे जीव हकनाक मरू शकतात.

पाणकावळा: खायचं म्हणाल तर दाणे आणि फीत काढून पूर्ण शिजवा, आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस गेलं पाहिजे. कच्चा किंवा अर्धा कच्चा अजिबात नको, लिंबू-व्हिनेगरने अळ्या मरतील यावर विसंबू नका. क्लिनोस्टोमम कच्च्या माशातून माणसाच्या घशात चिकटल्याच्या केसेस आहेत, आणि थायलंड-लाओसमध्ये कच्च्या गोड्या पाण्यातल्या माशांतून होणारा ओपिस्थॉर्किस हा यकृताचा कृमी तर पित्तनलिकेच्या कॅन्सरला कारण ठरतो. कच्चंच खायचं असेल तर आधी उणे २० अंशाला सात दिवस गोठवतात, घरच्या फ्रीजरमध्ये तेवढं तापमान मिळेलच असं नाही.