काळी ट्रंक, कँटीन आणि बाजारातलं बंद झालेलं स्टोअर... तुमच्या आठवणी सांगा

रातांबा:
परवा बाजारात गेले तर आमच्या चिपळूणचं जुनं डिपार्टमेंटल स्टोअर बंद! शटरवर नुसता कागद, जागा भाड्याने देणे आहे. २०२१ च्या पुरात आतला सगळा माल गेला होता तरी त्यांनी गाळ काढून परत उभं केलं होतं हो, आणि आता असं मुकाट्याने बंद. तिथेच रस्त्यात उभी राहिले मी दोन मिनिटं. घरी येऊन आधी माळ्यावरची बाबांची ट्रंक खाली काढायला लावली.

बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. गणपतीला सुट्टी मिळाली तर मिळाली, कारण पलटणीत सगळेच आपले, सगळ्यांनाच गणपतीला घरी यायचं. (फौजेत मराठ्यांना 'गणपत' म्हणतात ते उगाच नाही.) कोकण रेल्वे नव्हती तेव्हा, पठाणकोटवरून मुंबई, मुंबईहून रात्रीची एसटी, आणि पहाटे पाणंदीतून ती काळी ट्रंक डोक्यावर घेतलेला गडी आणि मागून बाबा. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. झाकण उघडलं की डांबरगोळी, बूटपॉलिश आणि हमाम साबण असा मिळून जो एक वास यायचा तो मला अजून कुठेच मिळालेला नाही. वाडीत प्रत्येक घराला एक साबण, आजीला हॉर्लिक्सची बाटली, आईला एका वर्षी कुकर.

आणि दुसऱ्या दिवशी स्टोअर. मिलिटरी कँटीनला (फौजींसाठीचं स्वस्त दुकान) जे मिळायचं नाही ते तिथून घ्यायचं, म्हणजे छत्री, फ्रॉकचं कापड, वह्या. लाकडी जिना, वर कापड, खाली किराणा आणि कटलरी, छतापासून लोंबणारं सुतळीचं रीळ. मालक बाबांना खुर्ची द्यायचे आणि "या सुभेदार, आता कुठे पोस्टिंग?" विचारायचे. बाबा तेव्हा हवालदारच होते, पण ते कधी दुरुस्त करायचे नाहीत, फक्त पाठ जरा जास्त ताठ व्हायची. पुढे खरंच सुभेदार झाले तेव्हा पेढ्यांचा पहिला पुडा त्या दुकानात गेला.

तुमच्याकडे फौजी कोण? ट्रंकेत काय यायचं? लिहा ना.

सुरमई:
अगंऽ ते बंद झालं?? आमची शाळेची पहिली कंपासपेटी तिथली. काउंटरवरचे ते चष्मेवाले काका आहेत का गं अजून?

गजाली_रात्रीच्यो:
आमच्या आजोबांची ट्रंक अजून माळ्यार आसा, आवशीन तेच्यात तांदूळ भरून ठेवल्यान. उंदीर शिरणत नाय, मिलिटरीचो माल!
बाकी आमच्या सावंतवाडी साईडला आंबोली, चौकुळ इथे घराघरात फौजी. आजोबा पेन्शनला आल्यावर कँटीनसाठी आंबोली घाट चढून बेळगावला जायचे, सेंटरच तिथे ना मराठ्यांचं. सकाळच्या पहिल्या एसटीने जायचे ते रात्री परत. पिशवीत काय असायचं ते आजी विचारायची नाही आणि शेजारचे न विचारता येऊन बसायचे.

रातांबा:
@सुरमई काका गेले गं, पुराच्या आदल्या वर्षी. मुलगा चालवत होता.
@गजाली शेजारचे 😄 आमच्याकडे पण. आणि बाबा स्वतः थेंब घ्यायचे नाहीत, रमचा सगळा कोटा गावाच्या नावाने.

फोर्टची_फेरी:
थोडं विषयाला धरून थोडं सोडून. मी काळा घोड्याला नोकरीला होतो, तिथे डेव्हिड ससून लायब्ररीच्या शेजारी जी देखणी इमारत आहे ना तिचं नाव आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग. आधी वाटायचं नौदलाचं ऑफिस असेल. तर नाही, ते डिपार्टमेंटल स्टोअर होतं! लंडनला १८७१ साली फौजी अधिकाऱ्यांनीच एकत्र येऊन सहकारी सोसायटी काढली, घाऊक भावात माल घ्यायचा आणि सभासदांना स्वस्तात द्यायचा, तिचीच ही मुंबईची शाखा. म्हणजे आपल्या कँटीनची कल्पना तिथलीच म्हणा. फरक इतकाच की ते दुकान साहेबांचं, आपला शिपाई बाहेर फुटपाथवर. आपलं कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट १९४८ चं, जवानापासून जनरलपर्यंत सगळ्यांना खुलं, हे मला फार मोठं वाटतं. आणि त्याच १९४८ साली नायगावला अपना बाजार सुरू झालं, गिरणगावात, जिथे आपले निम्मे चाकरमानी. माझे एक काका गिरणीत आणि एक फौजेत, मे महिन्यात दोघांच्या पिशव्या ओटीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या असायच्या, एकीत अपना बाजारची साखर आणि दुसरीत कँटीनचा चहा.
अकबरअलीज पण आठवतं का कुणाला, फाउंटनचं? १८९७ चं दुकान. आईला एकदा नुसतं बघायला नेलं होतं, तिने तिथून दोन रुमाल घेतले आणि ते कधी वापरलेच नाहीत.

वाशिष्ठीकाठ:
पुराचं वाचलं आणि राहवलं नाही. २२ जुलैला आमच्या घरात माळ्याच्या खाली हातभर राहिलं होतं पाणी. सासऱ्यांची ट्रंक खालीच, कॉटखाली. तिसऱ्या दिवशी उघडली तर अर्धी गाळाने भरलेली, मेडल्स चिखलात, आणि डिस्चार्ज बुकाची (फौजेतल्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) पानं एकमेकांना चिकटलेली. लाइट नव्हती, पंखा नव्हता. सासूबाईंनी ते बुक परातीत ठेवलं, एकेक पान सुरीच्या पात्याने सोडवलं आणि मध्ये मध्ये तांदळाचं पीठ भुरभुरवलं, ओल शोषून घ्यायला. अख्खा दिवस लागला. घरातलं बाकी काहीच त्यांनी त्या दिवशी बघितलं नाही, फ्रीज नाही की गादी नाही. शाई पसरलीय पण नंबर वाचता येतो. पितळी बिल्ले नंतर चिंचेने घासले, ब्रासो कुठून आणणार.

कुळागर:
@वाशिष्ठीकाठ वाचताना घशात आलं. सासूबाईंना नमस्कार सांगा.

माणगावची_मिसळ:
आमच्या रायगडातल्या माणगावात तहसील कचेरीपाशी नाईक यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, बघा कधी गोव्याला जाता येता. पळसगावचे. १० जुलै १९४४, इटली. सेक्शनमधले बाकीचे सगळे पडल्यावर एकटेच मशीनगनच्या चौकीवर चालून गेले, चौकी घेतली आणि मग गोळी लागली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, वय जेमतेम बावीस. शाळेत असताना दरवर्षी आम्हाला तिथे नेऊन उभं करायचे आणि आमचं लक्ष समोरच्या बर्फाच्या गोळ्याकडे. आता मुलाला घेऊन गेलो तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं चेहऱ्याकडे. कोवळं पोर हो.
स्टोअरबद्दल काही नाही, आमच्याकडे तेव्हा फक्त आठवडा बाजार.

दाभोळची_खाडी:
दापोलीला जुने लोक अजून कॅम्प म्हणतात, इंग्रजांची छावणी होती म्हणून. पेन्शनर फौजींचं गाव. गोपाळबाबा वलंगकर १८८६ ला पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीतच राहिले, आणि महारांची भरती इंग्रजांनी बंद केली तेव्हा त्यांनी सरकारला अर्ज लिहिला की आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या लढाया लढल्यात. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेबांचे वडील, ते पण निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत होते. १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली, माझे पणजोबा त्यात. त्यांच्या ट्रंकेत माल नसायचाच म्हणे, पुस्तकं असायची, पोरांसाठी. आणि गावातल्या दुकानात त्यांना पायरीखाली उभं राहून वस्तू मागावी लागायची, युनिफॉर्म अंगावर असताना सुद्धा. कँटीनच्या काउंटरवर मात्र रांगेत जो नंबर तोच नंबर. म्हणून आमच्या घरात कँटीन हा शब्द जरा वेगळ्या आवाजात उच्चारतात. रातांबा, तुमच्या दुकानदारांनी खुर्ची दिली हे वाचून बरं वाटलं, मनापासून.

रातांबा:
@दाभोळची_खाडी हे वाचून गप्प बसले थोडा वेळ. पुस्तकांची ट्रंक. आणखी लिहा ना पणजोबांबद्दल, वेगळं लिहा, मोठं.

शेवग्याचीशेंग:
मध्येच विचारते सॉरी, माझे वडील मार्चमध्ये गेले, नौदलात होते. कँटीन कार्ड आता आईच्या नावावर करता येतं का? कुणाला माहीत आहे का?

गजाली_रात्रीच्यो:
@शेवग्याचीशेंग करता येतं हो ताई. आईंची फॅमिली पेन्शन सुरू झाली असेल तर त्यांना त्यांच्या नावाचं कार्ड मिळतं. पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि डिस्चार्जचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण ऑफिसात जा, ते फॉर्म भरायला मदत करतात. आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला चुकवू नका.

शेवग्याचीशेंग:
खूप आभार दादा 🙏

हळदीचं_पान:
स्वैपाक करता करता वाचतेय सगळं. आमचे अप्पा ८१, अजून महिन्यातून एकदा कोल्हापूरला टीए (टेरिटोरियल आर्मी) बटालियनच्या कँटीनला जातातच. पूर्वी कागदी कार्डावर पेनाने नोंद व्हायची, आता स्मार्ट कार्ड, पण अप्पा रात्रीच यादी वहीत लिहितात, भावासकट, आणि आल्यावर बिलाशी टॅली करतात. मी म्हटलं अप्पा हे सगळं मोबाईलवर दोन दिवसांत घरी येतं, घाट उतरून चढून कशाला. म्हणाले, तिथे मला रँकने हाक मारतात. त्यानंतर मी कधी नाही विचारलं, सकाळी डबा करून देते.

सुरमई:
@हळदीचं_पान ❤️ काय डबा देता?

हळदीचं_पान:
घावणे आणि लसणीची चटणी. गुळाचा खडा आठवणीने, त्यांना घाटात लागतं.

रातांबा:
ट्रंक आत्ता पूर्ण रिकामी केली. तळाला घातलेल्या वर्तमानपत्राखाली स्टोअरचं बिल सापडलं, पिवळं पडलेलं. एक लेडीज छत्री, अडीच मीटर फुलांचं कापड, रिबीन निळी दोन मीटर. खाली मालकांची सही आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी नुसतं 'सुभेदारसाहेब'. आई बघतेय केव्हापासून हातात धरून.

कुळागर:
रिबीन तुझीच असणार.

रातांबा:
हो. आहे अजून.

सुरमई:
फोटो टाक गं, बिलाचा पण. आणि काकांच्या मुलाला दाखव एकदा नेऊन.

रातांबा:
उद्या जाते त्यांच्या घरी. आईपण येते म्हणतेय.