मळ्यातल्या बॅटरीसाठी चार्ज कंट्रोलर सुचवा (बजेट २०००)

मळ्यातली_सून
नमस्कार मंडळी. नाशिकजवळच्या गिरणारेच्या पुढे आमचा मळा आहे. सिंगल फेजचा काही भरवसा नाही, आणि बिबट्याच्या धास्तीने पडवीत रात्रभर दिवा लागतोच. दिरांनी दोन वर्षांपूर्वी ३३५ वॉटचं पॅनल आणून १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या ट्युब्युलर (पाणी घालावं लागणाऱ्या) बॅटरीला थेट जोडून दिलं. "पॅनलमध्ये डायोड असतो, काही होत नाही," म्हणाले. चौदा महिन्यांत बॅटरी बसली. आता नवी आणलीय आणि मध्ये कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा) लावायचाच आहे. वापर असा: ९ वॉटचे तीन डीसी बल्ब रोज चार तास, पडवीतला ५ वॉटचा रात्रभर (अकरा तास), ३० वॉटचा डीसी पंखा पाच तास. इन्व्हर्टर नाही. बजेट २०००. साधा पीडब्ल्यूएम घेऊ की महागातला एमपीपीटी?

अंबडचा_फिटर
एमपीपीटी, ताई. दुसरा विचारच नको. पीडब्ल्यूएम पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो. तुमचं पॅनल ७२ सेलचं असणार, त्याची खरी ताकद ३८ व्होल्टच्या आसपास. तेच १३ वर आणलं की पावणेनऊ अँपिअर गुणिले १३, म्हणजे ११५ वॉट. बाकीचे दोनशे वॉट पत्र्यावर नुसते तापत बसणार. एमपीपीटी पॅनलला ३८ वरच चालवतो आणि जादा व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो.

निफाडकर
मी व्हिक्ट्रॉनचा १००/२० (१०० व्होल्ट, २० अँपिअरचा एमपीपीटी) घेतलाय. मोबाइलवर सगळे आकडे दिसतात, बांधावर बसून बघतो. महाग आहे, पण एकदाच घ्या. त्याआधीचा एक जाळला मी. त्याचीही मर्यादा १०० व्होल्टची होती. ४८-४८ व्होल्टची दोन पॅनल सिरीजमध्ये लावली, ९६ झाले, म्हटलं बसतंय. पण लेबलवरचा आकडा २५ अंशांचा असतो. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे पारा पाचावर येतो आणि थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं. सूर्य वर आला, जळका वास सुटला, खेळ खलास.

मळ्यातली_सून
दादा, आमचं पॅनल एकच आहे. आणि बजेट २००० लिहिलंय.

लिथियम_भाऊ
मुळात ट्युब्युलर घेतलीच का? लिथियम फॉस्फेट घ्यायची. पाणी नको, वास नको. माझी तीन वर्षं झाली, हात लावलेला नाही.

अंबडचा_फिटर
@लिथियम_भाऊ बॅटरी घेऊन झालीय त्यांची. वाचत जा राव. आणि तुमच्या कंट्रोलरला इक्वलाइझ (मधूनमधून मुद्दाम जादा व्होल्टेजने चार्ज करणं) बंद केलंय का? लिथियमला ते चालत नाही.

लिथियम_भाऊ
बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) आहे ना आत.

अंबडचा_फिटर
बीएमएस शेवटचा पहारेकरी आहे. त्याच्या जिवावर रोज दार उघडं टाकून झोपायचं नसतं.

सातपूर_रिटायर्ड
पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार अनुदान मिळतं. मी घेतलं. बॅटरीची कटकटच नाही. लोक उगाच जुन्या गोष्टींत अडकतात.

जुना_वायरमन
काका, ते ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेलं. लाइन गेली की तेही बंद पडतं, कारण खांबावर काम करणाऱ्या माणसाला उलटा करंट लागू नये. ताईंची अडचणच लाइन जाण्याची आहे.

ताई, आधी पहिली बॅटरी का मेली ते बघा. पॅनलमधले डायोड सावली पडली की सेल तापू नयेत म्हणून असतात. बॅटरी भरली की करंट थांबवणं हे त्यांचं कामच नाही. तुमचं पॅनल भरलेल्या बॅटरीतही पावणेनऊ अँपिअर ढकलत राहिलं. व्होल्टेज १५-१६ च्या पुढे गेलं, पाणी उकळल्यासारखं गॅस होऊन उडालं, प्लेटा उघड्या पडल्या. कंट्रोलर १४.४ च्या आसपास पोचला की करंट हळूहळू कमी करतो, भरली की साडेतेरा-पावणेचौदावर नुसती धरून ठेवतो. शिवाय रात्री बॅटरीतून पॅनलकडे जाणारा करंट अडवतो.

दुसरं टोक लोक विसरतात. बॅटरी पार खाली गेली आणि तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर धरतो, मग ती पूर्ण भरतच नाही. म्हणून बल्ब-पंखा कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवरूनच घ्या. साधारण ११ व्होल्टला तो स्वतः तोडतो. सरळ बॅटरीवरून घेतलात तर ही राखण गेली. (पुढे इन्व्हर्टर आणलात तर तो मात्र थेट बॅटरीवर. लोड टर्मिनलला तो झेपत नाही, आणि त्याचा लो-कट त्याच्यातच असतो.)

आणि कंट्रोलर बॅटरीच्याच खोलीत लावा. तापमानाचा सेन्सर बहुतेकदा त्याच्यातच असतो. एप्रिलात खोली ४० अंशांवर गेली की १४.४ ऐवजी १४ च्या जवळच थांबायला हवं. बाहेर उन्हात टांगलात तर तो भलताच अंदाज बांधेल.

इगतपुरीचा_पाऊस
जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलट. आमच्या शेडवर बॅटरीचा लग (वायरीच्या टोकाचं कडं) सैल होऊन निघाला, पॅनल तसंच चालू. पीडब्ल्यूएममधून पॅनलचं व्होल्टेज थेट लोडवर आलं आणि चार बल्ब एकदम गेले. तेव्हापासून लग दर महिन्याला आवळतो.

निफाडकर
म्हणूनच म्हणतो, एमपीपीटी.

पंचवटी_इलेक्ट्रॉनिक्स_छंदी
दोन हजारात एमपीपीटी शोधाल तर जपून. मी ऑनलाइन ९०० रुपयांत घेतला, डबीवर ठळक एमपीपीटी छापलेलं. खोलला तर आत साधा पीडब्ल्यूएम, एमपीपीटीला लागणाऱ्या कॉइलचा पत्ताच नाही. न खोलता ओळखायचा तर बॅटरी अर्धी असताना भर उन्हात पॅनलच्या वायरींवर मीटर लावा. खरा असेल तर तीसच्या वर दिसेल. तेरा-साडेतेरा दिसला तर फसलात.

सातपूर_रिटायर्ड
पाणी कोणतं घालता? मी आरओचं घालतो, काही होत नाही.

जुना_वायरमन
काका, आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. डिस्टिल्डच घाला.

सातपूर_रिटायर्ड
एसीचं गळणारं पाणी डिस्टिल्डच असतं.

इगतपुरीचा_पाऊस
एसीच्या कॉइलवरची धूळही त्यात फुकट मिळते.

लिथियम_भाऊ
आमच्यात पाणीच नाही 😄

मळ्यातली_सून
सगळ्यांचे आभार. पण मी पीडब्ल्यूएमच आणला. २० अँपिअर, १३५० रुपये. खोक्यावर पॅनलची मर्यादा ५० व्होल्ट आहे, आमच्या पॅनलमागे काही न जोडता मिळणारं व्होल्टेज ४६ लिहिलंय. निफाडकर दादांचं वाचून गिरणारेच्या थंडीचाही हिशेब केला. आमच्याकडे पारा ८-९ च्या खाली सहसा जात नाही, ४९ च्या आत बसतं.

बाकी हिशेब असा: रोजचा वापर ३१३ वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टला २६ एएच. फिटर दादांचेच आकडे धरले तर साडेचार तासांच्या उन्हात पीडब्ल्यूएम ३९ एएच देतो. मग वाया गेलेल्या दोनशे वॉटचं मी करू काय? उरलेल्या पैशात २० अँपिअरचा फ्यूज, पितळी लग आणि हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारा) घेतला. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर लावला.

अंबडचा_फिटर
आणि जुलैत? सलग चार दिवस ढग असले की?

मळ्यातली_सून
जुलैत पंखा लागत नाही आमच्याकडे.

निफाडकर
५० ची मर्यादा आणि ४९? माझी पहाट आठवा, ताई.

मळ्यातली_सून
आठवली म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत रात्री पॅनलचा एमसीबी (स्विच) पाडायचा आणि नऊला ऊन चढल्यावर चालू करायचा ठरवलंय. सासूबाईंनी ते काम घेतलंय, त्या तशाही पाचला उठतात.

काल दुपारी दोनला १४.३ होते, साडेचारपर्यंत १३.७ वर आलं आणि हिरवा दिवा लागला. सकाळी सहाला, पडवीतला दिवा बंद करायच्या आधी, १२.५. हायड्रोमीटर सहाही सेलना १२४० च्या आसपास दाखवतो. दिरांनी विचारलं, हा डबा कशाला.

पिंपळगावचा_नवा
सगळा धागा वाचला. जुनी बॅटरी कितीला गेली?

मळ्यातली_सून
नवीच्या बदल्यात दिली, वजनावर. दिरांनी वजन वाढेल म्हणून आदल्या दिवशी तिच्यात विहिरीचं पाणी भरून ठेवलं होतं. दुकानदाराने आधी ते ओतायला लावलं.