अनुभव धागा: कमी पैशांत गेमिंगचा संगणक – कुठे हात आखडला, कुठे आखडायला नको होता

धागा सुरू करताना – राजेंद्रनगर, इंदूर

धाकट्या भावासाठी गेमिंगचा संगणक घ्यायचा म्हणून गेल्या महिन्यात आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये आमच्या तीन चकरा झाल्या आणि दर वेळी पन्नास-पंचावन्न हजारांचे वेगळेच कोटेशन हातात घेऊन आम्ही परतलो. एकात प्रोसेसर भारी आणि ग्राफिक्स कार्ड साधे होते, दुसऱ्यात कार्ड चांगले पण रॅम आठच जीबी होती, तिसऱ्यात बाकी सगळे ठीक दिसत होते, मात्र एसएमपीएसपुढे (सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यापुढे) नुसते ‘५०० वॅट’ असे लिहिले होते, कंपनीचे नाव नव्हते.

कोणत्या कार्डावर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रे, मिळतात याचे आकडे शोधले की सापडतात. मला हवे आहे ते हे, की पैसे कमी पडले तेव्हा तुम्ही कोणत्या भागावर हात आखडला आणि वर्ष-दोन वर्षे वापरल्यावर तो निर्णय आज तुम्हाला कसा वाटतो. सोबत गेम, मॉनिटर, घरातली वीज आणि बिल याबद्दलही लिहावे. तक्रार असेल तर दुकानाचे किंवा कंपनीचे नाव न घेता लिहावी, ही विनंती.

सुदामानगर – अकरावीतल्या मुलाची आई

२०२४च्या दिवाळीआधी माझ्या भिशीचा नंबर लागला आणि त्यात थोडी भर घालून मॉनिटरसह बासष्ट हजारांचा संगणक घ्यायचा असे घरात ठरले. मुलाने भौतिकशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर यादी केली होती. त्यातले २१ हजार रुपये एकट्या ग्राफिक्स कार्डावर जात आहेत हे पाहून मी त्याला बसवून विचारले, की मेंदू जर प्रोसेसर आहे तर सर्वांत जास्त पैसे कार्डाला कशासाठी. त्याने सांगितले की खेळात कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली हा हिशेब प्रोसेसर करतो, पण सेकंदाला साठ किंवा शंभर चित्रे काढून पडद्यावर पाठवण्याचे काम कार्डाचे असते, आणि दृश्य जितके भरलेले तितके ते काम वाढते. हे पटल्यावर मी कार्डाला हात लावला नाही. आरएक्स ६६००, आठ जीबीचे, असे ते कार्ड आहे.

प्रोसेसरबाबत आय३-१२१००एफ आणि रायझन ५ ५६०० यांत घोळ होता. पहिला चार कोअरचा (कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा भाग) आणि तीन-साडेतीन हजारांनी स्वस्त, दुसरा सहा कोअरचा. मुलाचे म्हणणे असे होते की एएम४ हे सॉकेट, म्हणजे ५६०० ज्यात बसतो ती खाच, २०१६ साली आले आणि त्यावर अजूनही नवे प्रोसेसर निघत आहेत, त्यामुळे पुढे मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग बसतात तो मुख्य बोर्ड, न बदलता वरचा प्रोसेसर टाकता येईल. आम्ही ५६०० घेतला. बचत मग इतरत्र केली: काचेचे आणि दिव्यांचे कॅबिनेट न घेता पुढे जाळी असलेले साधे घेतले, एक टीबीऐवजी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (गेम साठवायची जलद डिस्क) घेतली, आणि कीबोर्ड-माउस जुनेच ठेवले. एसएसडी छोटी घेतल्याचा त्रास होतो, कारण मोठा गेम आताशा शंभर जीबीच्या पुढे जातो आणि एक काढल्याशिवाय दुसरा टाकता येत नाही. पण ती नंतर वाढवता येते, कार्ड अर्धे बदलता येत नाही.

जोडणी त्याने घरीच केली. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून तो बसला होता आणि मी शेजारी बसून पाहत होते. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर एक बारीक सोनेरी त्रिकोण असतो, तसाच त्रिकोण सॉकेटवर असतो. दोन्ही जुळवून, दांडी वर करून तो नुसता ठेवायचा असतो. मी म्हटले, दाब की. तो म्हणाला, “आई, दाबायचं नाही, तो आपल्या वजनानं बसतो.” आणि खरोखरच तो एखाद्या खोबणीत पडावा तसा अलगद बसला. इतक्या पैशांची वस्तू मुलाच्या हातून इतक्या हलक्या हाताने बसताना पाहून मला फार समाधान वाटले.

भंवरकुआँ – अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी

ताईंनी कार्डाचे जे लिहिले ते अगदी बरोबर आहे. मी एसएमपीएसचे लिहितो, कारण माझे नुकसान तिथेच झाले.

२०२२ साली मी एका दुकानातून संगणक बांधून घेतला तेव्हा कॅबिनेट दाखवताना मला सांगण्यात आले, “भैया, एसएमपीएस साथ में ही आता है, अलग से क्या लेना.” तीन-साडेतीन हजार वाचत होते, म्हणून मी मान डोलावली. तेव्हा कार्ड जीटीएक्स १६५० होते. ते जास्तीत जास्त ७५ वॅट घेते आणि तेवढी वीज मदरबोर्डच्या खाचेतूनच मिळते, वेगळी तार लावावी लागत नाही, त्यामुळे वर्षभर काही कळलेच नाही. पुढे शिकवणीचे पैसे साठवून आरएक्स ६६०० घेतले. हे कार्ड १३२ वॅटचे आहे आणि त्याला आठ पिनांची स्वतंत्र तार लागते. माझ्या एसएमपीएसला ती तारच नव्हती. दुकानातून एक जोड-तार मिळाली, जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून आठ पिना करून देणारी. मी ती लावली.

त्यानंतर खेळ रंगात आला की संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. मी ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकले, कार्ड सदोष आहे असे समजून विक्रेत्याशी भांडलो आणि रॅमही काढून पुसून लावली. दोन महिने असे गेले. मग जूनमध्ये, पहिल्या वादळी पावसाच्या संध्याकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि परत आली तेव्हा कॅबिनेटच्या मागून बारीक ‘फट्’ असा आवाज होऊन जळक्या बॅकेलाइटसारखा वास खोलीत पसरला. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. कार्ड वाचले, हे नशीब.

नंतर तो जळालेला एसएमपीएस मी हातात घेऊन नीट पाहिला. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापले होते. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १५ ॲम्पिअर लिहिले होते. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही आपली वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, म्हणजे कामाची ताकद १२ गुणिले १५, केवळ १८० वॅट. माझा संगणक खेळताना सुमारे अडीचशे वॅट मागत होता. आता ५५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ दर्जाचा (वीज कमी वाया घालवण्याचे प्रमाणपत्र असलेला) घेतला आहे. त्यावर १२ व्होल्टला ४५ ॲम्पिअर लिहिलेले आहेत आणि वजन जुन्याच्या दुपटीहून जास्त आहे, हे दोन्ही हातांत एकेक धरले की डोळे मिटूनही कळते. तो ४,२०० रुपयांचा आणि नवा मदरबोर्ड साडेसहा हजारांचा. वाचवलेल्या तीन हजारांपायी मी जवळजवळ अकरा हजार मोजले.

मूळ प्रश्नकर्त्यांना कळकळीने सांगतो: ते तिसरे कोटेशन तसेच मान्य करू नका. कंपनीचे नाव आणि १२ व्होल्टचे ॲम्पिअर लिहून मागा.

लोकमान्यनगर – बँकेतील नोकरदार

मी जुने कार्ड घेतले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते नाणे काढणे संपले, त्यामुळे त्या हिवाळ्यात रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात मोठ्या संख्येने आली. मी ७,००० रुपयांत आरएक्स ५८० घेतले. घरी आल्यावर जीपीयू-झेड या छोट्या प्रोग्रॅममध्ये पाहिले तर त्यात २३०४ ऐवजी २०४८ शेडर (चित्राचा हिशेब करणारे कार्डातले छोटे भाग) दिसले. याच नावाची ही कमी ताकदीची आवृत्ती असते आणि खोक्यावरून ते सहज लक्षात येत नाही. विकणाऱ्या गृहस्थांनी फसवले असे मी म्हणणार नाही, त्यांनाही ते ठाऊक नसावे.

कार्ड अजून चालते आहे. पण जुने घ्यायचेच असेल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्याच संगणकावर, अर्धा तास पूर्ण ताणावर चालवून पाहावे आणि तेवढ्या वेळात पंख्याचा आवाज, तापमान आणि पडद्यावर ठिपके-रेषा येतात का हे पाहावे. शेडरची संख्या तिथेच तपासावी. संकोच वाटतो, तरी हे करावे.

टिळकनगर – दोन मुलांचे वडील

कार्यालयातून निघालेला, नामांकित कंपनीचा जुना संगणक अकरा हजारांत घेऊन त्यात ७५ वॅटचे कार्ड टाकायचे, हा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणून मला सुचवण्यात आला आणि मी तो स्वीकारला. मोठ्या मुलाचे जुने गेम त्यावर उत्तम चालले. अडचण धाकट्याच्या व्हॅलरंटची झाली. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला म्हणून आम्ही कसेबसे विंडोज ११ टाकले, आणि त्यावर हा गेम टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची सोय) व सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना होणारी सुरक्षा तपासणी) असल्याशिवाय सुरूच होत नाही. आमचा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, त्या यंत्रात टीपीएम २.० नाही. शिवाय अशा यंत्रांचा एसएमपीएस त्याच कंपनीच्या खास मापाचा असतो, त्यामुळे मोठे कार्ड पुढेही टाकता येत नाही. हा मार्ग वाईट नाही, पण इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचे यंत्र मिळत असेल तरच घ्यावा.

रामबाग – महाविद्यालयीन विद्यार्थिनी

माझा अनुभव छोटा आहे. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा, मॉनिटर घेतला, केबल लावली, चित्र दिसले, आणि तीन आठवडे मी साठ हर्ट्झवरच खेळत राहिले, कारण विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडावे लागते हे मला कोणी सांगितले नव्हते. साठवर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४वर सुमारे ७. बदलल्याक्षणी माउस फिरवताना हात हलका झाल्यासारखा वाटला. माझ्या मैत्रिणीने तर केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लावली होती, म्हणजे महागडे कार्ड नुसते बसून होते. रॅमचेही तसेच: बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवण्याचा पर्याय, सुरू केले नाही तर ३२०० वेगाची रॅम २४०० किंवा २६६६ वरच चालत राहते. या तिन्ही गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

विजयनगर – आयटीतील नोकरदार

दर दोन वर्षांनी शहर बदलावे लागते म्हणून मी लॅपटॉप घेतला. त्यात एकच सांगायचे आहे: कार्डाच्या नावावर जाऊ नका. लॅपटॉपमधील आरटीएक्स ३०५० हे ३५ ते ८० वॅटपर्यंत कुठेही बसवलेले असते आणि डेस्कटॉपवरचे, त्याच नावाचे, आठ जीबीचे कार्ड १३० वॅटचे आहे. वॅट विचारल्याशिवाय दोन लॅपटॉपची तुलनाच होत नाही.

सुटे भाग जोडून देण्याचे काम करणारा, जेल रोडजवळ

वरचे सगळे वाचले. एसएमपीएसवाल्या दादांसारखी यंत्रे माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे.

कच्च्या बिलावर १८ टक्के जीएसटी वाचतो म्हणून ग्राहक खूश होतात. ग्राफिक्स कार्डाला बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते आणि दुसऱ्या वर्षी पंखा बिघडला की सेवा केंद्रात पहिल्यांदा बिलच मागतात. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा आणि खोकी फेकू नयेत. आरएक्स ६५०० एक्सटी घेण्याआधी थांबून विचार करावा: ते चार जीबीचे आहे, मदरबोर्डशी केवळ चार लेनवर (माहिती जाण्याच्या वाटांवर) चालते, त्यामुळे पीसीआयई ३.० ही कमी वेगाची खाच असलेल्या जुन्या बोर्डावर मंदावते, आणि त्यात व्हिडिओ एन्कोडर (चित्रणाची फाइल बनवणारा भाग) नसल्याने खेळ रेकॉर्ड करताना प्रोसेसरवर भार पडतो. आज कार्डाला पैसेच नसतील तर रायझन ५ ५६००जी घ्यावा, त्यात ग्राफिक्स अंगचेच असते. मात्र मग रॅम आठ-आठच्या दोन स्टिक लावाव्यात, एकच सोळाची नाही, कारण ते ग्राफिक्स रॅमवरच चालते आणि दोन स्टिकमुळे त्याला दुप्पट रस्ता मिळतो.

यूपीएसबद्दल कोणी लिहिले नाही. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटचा असतो. सुरुवातीला चालतो, बॅटरी जुनी झाली की खेळाच्या मध्यात वीज जाताच मान टाकतो. शक्य असेल तर १००० व्हीएचा घ्यावा. इंदूरला मे महिन्यात पारा बेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा कॅबिनेटची पुढची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ केली तरी कार्डाचे तापमान पाच-सात अंशांनी उतरते, हे मी अनेकदा मोजून पाहिले आहे.

धागा सुरू करणारा – राजेंद्रनगर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री भाऊ आणि मी तिसरे कोटेशन समोर ठेवून पुन्हा बसलो. आरएक्स ६६०० आणि ५६०० कायम ठेवले. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके चढले आहेत की नवी घेणे परवडत नव्हते. शेजारच्या काकांच्या बंद पडलेल्या संगणकात आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक होत्या, त्या त्यांनी आपणहून काढून दिल्या आणि आज सकाळी आम्ही त्या मित्राच्या यंत्रात लावून तपासल्या, दोन्ही चालतात. वाचलेले पैसे एसएमपीएसला दिले आहेत. दुकानदारांना फोनवर १२ व्होल्टचे ॲम्पिअर विचारले तेव्हा ते क्षणभर थांबले, मग खोके आणून वाचून दाखवले: पंचेचाळीस. उद्या अकराला दुकान उघडले की पक्के बिल करून घेऊ.