मदत हवी आहे: जीवन रक्षा पदकाचा प्रस्ताव जिल्ह्यात नेमका कुठे द्यायचा?

कृष्णेच्या पुरात बुडणाऱ्या दोघांना होडीत ओढून घेणाऱ्या तीन गावकऱ्यांसाठी या पदकाचा (इतरांचा जीव वाचवणाऱ्यांना केंद्र सरकार देतं तो सन्मान) प्रस्ताव करायचा आहे. तिघेही पोलीस वा अग्निशमन दलात नाहीत, म्हणजे अशा दलांतल्यांनी ‘कर्तव्यावर नसताना’ जीव वाचवलेला असावा ही अट आड येत नाही. घटनेला १४ महिने झालेत. प्रस्तावासाठीच्या दोन वर्षांच्या मुदतीच्या आत आहोत. वाचलेल्यांचे जबाब, पोलीस पाटलांचा दाखला, तलाठ्यांचा अहवाल तयार आहे. तहसीलमधून पोलिसांकडे पाठवतात, पोलीस परत महसूलकडे!

कृपया सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्काराचं पोर्टल सुचवू नका. तिथे स्वतः अर्ज चालतो, जीवन रक्षा पदकाला राज्य सरकारची शिफारस लागते.

ज्यांनी असा प्रस्ताव मंत्रालयापर्यंत नेलाय त्यांनी सांगा: जिल्हाधिकारी कार्यालयात कोणती शाखा तो स्वीकारते? आणि तिघांचा एकच प्रस्ताव चालतो की प्रत्येकाचा वेगळा?