अनुभव धागा: टॉक टॉकचा 'स्पिरिट ऑफ ईडन' तुमच्यापर्यंत कसा पोचला?

टॉक टॉक या इंग्लिश बँडचं नाव घेतलं की बहुतेकांना 'इट्स माय लाइफ' आठवतं, तेही नो डाउट या बँडने २००३ मध्ये परत गायलं म्हणून. त्याच बँडचा हा १९८८ चा अल्बम, सहाच गाणी, नाचायला एकही नाही. आधीचा 'द कलर ऑफ स्प्रिंग' चांगला खपला होता म्हणून त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने, ईएमआयने, पैसे आणि वेळ हात सैल सोडून दिला आणि शेवटी हे हातात आल्यावर कपाळाला हात लावला. आता पोस्ट-रॉकवाले (रॉकची वाद्यं घेऊन संथ, वातावरण उभं करणारं संगीत करणारे) याला मूळपुरुष मानतात. तर कधी ऐकलात, पहिल्यांदा काय वाटलं ते लिहा, आवडला नसेल तरी लिहा.

वरची_खिडकी
मी ती नो डाउटवालीच 😀 हॉस्टेलला डीसी++ या फाइल-शेअरिंगवरून टॉक टॉकचं सगळंच्या सगळं उतरवलेलं, सिंथवाली गाणी पाठ झाली आणि मग हे फोल्डर उघडलं तर दोन मिनिटं झाली तरी गाणंच सुरू होईना, लांब कुठेतरी ट्रंपेट वाजतोय आणि बाकी नुसती खुसफुस, मला वाटलं फाइलच गंडलीये. नंतर २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांचा गायक मार्क हॉलिस गेला तेव्हा जो तो याच अल्बमबद्दल लिहीत होता म्हणून परत लावला. 'द रेनबो'मध्ये हार्मोनिका घुसते तिथे अंगावर काटा आला, आणि मग रात्रीचं जेवण गार.

माइकवाला
मी रेकॉर्डिंगच्या धंद्यात आहे, मला हा एका सीनियरने कामाचा भाग म्हणून ऐकवला. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत केलाय, पूर्वी ते चर्चचं सभागृह होतं. इंजिनियर फिल ब्राउन, निर्माता टिम फ्रीज-ग्रीन, आणि महिनोन् महिने जवळजवळ अंधारात काम, उजेड काय तो ऑइल प्रोजेक्टरचा आणि स्ट्रोबचा. नायजेल केनेडी, डॅनी थॉम्पसनसारखी माणसं बोलवायची, त्यांना मनाला येईल ते वाजवू द्यायचं आणि तासन् तासाच्या टेपमधून चार-दोन सेकंद ठेवून बाकी सगळं फेकायचं. एवढ्या मोठ्या वादकांचं! आमच्याकडे क्लायंटला एक टेक उडवू म्हटलं तर तोंड वाकडं होतं. हॉलिस म्हणायचा, दोन सूर वाजवण्याआधी एक वाजवायला शिका. ड्रम ऐका, ली हॅरिस एकच ताल किती वेळ धरून बसतो, कुठे मधेच फिल (तालाच्या मधली छोटी करामत) मारायची खुमखुमी नाही.

षड्जपंचम
लोक याला लगेच आलाप, विलंबित वगैरे म्हणतात, कृपया नको. मी ख्याल शिकते. आलापात पुढची जागा आधीच्या जागेतून निघते, गाणारा तिथल्या तिथे ती शोधतो. इथे माइकवाला म्हणतात तसं वेगवेगळ्या वेळचे तुकडे कापून जोडलेत आणि तरी ऐकताना वाटतं की सगळे एकाच खोलीत एकमेकांचं ऐकत बसलेत. मला भारी वाटतं ते हे, ही कारागिरी वेगळीच आहे, तिला आपल्या पेटीत कोंबायची गरज नाही.

चहा_कटिंग
तीनदा प्रयत्न केला, तीनदा झोप लागली. झोप उत्तम लागली.

एसेक्सकर
मी चेम्सफर्डजवळ राहतो. 'आय बिलीव्ह इन यू'मधला कोरस म्हणजे इथल्या कथीड्रलचा कॉयर, हे मला इथे येऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं, ते पण अल्बमच्या पाठीमागची बारीक अक्षरं वाचून. गाणं हेरॉइनच्या व्यसनावर आहे आणि त्यात ती चर्चमधली पोरं मागून येतात, कुठेही नाटकी होत नाही. आता कथीड्रलवरून जाताना बायकोला दर वेळी सांगतो, ती म्हणते हो कळलं.

जुनी_फाइल
कोर्टकचेरीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? ईएमआयने बँडचा करार वाढवायचा हक्क मुदतीत वापरला का यावरून भांडण झालं, अपिलात बँड जिंकला आणि सुटला. मग ईएमआयने जुन्या गाण्यांचं संकलन काढलं, ते धो धो खपलं, त्या जोरावर न विचारता रीमिक्सचा अल्बम आणला, त्यावरून हॉलिसने परत कोर्टात खेचलं आणि उरलेल्या प्रती नष्ट करायला लावल्या. तोवर हे व्हर्व्ह या दुसऱ्या लेबलवर गेले होते, तिथे १९९१ मध्ये 'लाफिंग स्टॉक' आला, तो याच्यापेक्षाही अवघड आणि माझ्या मते याच्यापेक्षा सरस. या, भांडा.

घाटमाथा
नवीन लोकांना एकच सांगतो, बसमध्ये ऐकू नका. मी पुणे-मुंबई शिवनेरीत लावला होता, हळू भाग एसीच्या घुंईत गडप, म्हणून आवाज वाढवला आणि 'डिझायर' फुटलं तेव्हा शेजारचे काका माझ्याकडे वळले. घरी, चांगल्या हेडफोनवर, आणि पहिली तीन गाणी सलग, मध्ये थांबायचं नाही कारण ती एकमेकांत ओतलेली आहेत. शफल तर अजिबात नको.
@जुनी_फाइल, 'लाफिंग स्टॉक' सरस? वेगळा धागा काढा, येतोच.