उत्तर: परभणीच्या घरच्या गाडीत कोणतं सिंथेटिक ऑइल घालावं?

प्रेषक: परभणीकर, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

आई-बाबांची गाडी परभणीला असते. मारुती, 1.2 लिटर पेट्रोल, बीएस6, टर्बो नाही. मॅन्युअलमध्ये ऑइलचा ग्रेड, म्हणजे जाडीचा आकडा, 0डब्ल्यू-20 लिहिलाय. रोजचं फिरणं म्हणजे बाजार, देऊळ, दवाखाना. वर्षाकाठी तीन-चार हजार किलोमीटर. अधूनमधून जालन्याला समृद्धीवर चढून छत्रपती संभाजीनगर. मिस्त्री म्हणतात, "आपल्याकडं 45 डिग्री तापतंय, हे पाण्यासारखं ऑइल टिकायचं नाही, 20डब्ल्यू-50 टाका." त्यांचं ऐकावं का? आणि सुट्टीत जाताना इकडून चांगलं सिंथेटिक घेऊन जावं का?

---

प्रेषक: नांदेडकर, ह्यूस्टन

20डब्ल्यू-50 अजिबात टाकू देऊ नका. मिस्त्रींची काळजी खोटी नाही, पण हिशेब चुकतोय.

बाहेर 45 असो की 15, इंजिन गरम झालं की थर्मोस्टॅट कूलंटला 90 अंशांच्या आसपास धरून ठेवतो आणि ऑइल साधारण 95 ते 110 अंशांवर चालतं. 0डब्ल्यू-20 ची जाडी त्याच तापमानासाठी ठरवलेली असते. 100 अंशांवर त्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, 8.5 सेंटिस्टोक्सच्या (घट्टपणा मोजायचं एकक) आसपास असते. तेच ऑइल 40 अंशांवर 40 ते 45 सेंटिस्टोक्स भरतं. म्हणजे मे महिन्यात परभणीच्या उन्हात गाडी सुरू केली, तरी त्या क्षणी ऑइल कामाच्या जाडीच्या चौपटीहून जास्त घट्टच असतं. उन्हानं ते पातळ होऊन इंजिन झिजेल ही भीती तिथंच संपते. 20डब्ल्यू-50 मात्र 40 अंशांवर 0डब्ल्यू-20 च्या तिप्पट-चौपट घट्ट. मग जानेवारीच्या पहाटे, परभणीचा पारा 10 च्या खाली गेलेला असताना, ते कॅमशाफ्टपर्यंत (इंजिनाच्या माथ्यावरच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) किती वेळानं पोचेल याचा विचार करा. इंजिनाची बरीचशी झीज त्या सुरुवातीच्या काळातच होते.

दुसरं असं की आजच्या इंजिनात व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा, ऑइलच्या दाबावर चालते. तिचे मार्ग बारीक असतात. जाड ऑइल तिथं उशिरा पोचतं, फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि थंड इंजिनात न गाळलेलं ऑइल फिरत राहतं. मायलेजही घटतं.

कामाचा आकडा वेगळाच आहे: एचटीएचएस. 150 अंशांवर, बेअरिंगमधल्यासारख्या जोरदार घासणीत, ऑइलचा थर किती टिकतो याचं ते माप. एसएई या ग्रेड ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणानुसार 20 ग्रेडला (डब्ल्यूच्या पुढचा आकडा 20) किमान 2.6, 30 ला 2.9, आणि 0डब्ल्यू-40, 5डब्ल्यू-40 ला 3.5. बेअरिंगला आधार या आकड्याचा असतो.

आता समृद्धीबद्दल. कारला तिथं वेगमर्यादा 120 आहे. मेच्या दुपारी एसी लावून, चार माणसं बसवून तासभर त्या वेगानं गेलात, तर ऑइलचं तापमान नेहमीपेक्षा चढतं. मॅन्युअलमध्ये 0डब्ल्यू-20 सोबत 5डब्ल्यू-30 चीही परवानगी असेल, तर उन्हाळ्यात अशी लांब पल्ल्याची गाडी असलेल्यांनी 5डब्ल्यू-30 घ्यावं. मायलेजमध्ये किंचित फरक पडेल, बेअरिंगला मोकळीक मिळेल. मॅन्युअलमध्ये फक्त 0डब्ल्यू-20 असेल तर तेच, निर्धास्त. तुमच्या बाबांचं जाणं अधूनमधून आहे, त्यामुळे मी तरी 0डब्ल्यू-20 च सुचवीन.

डब्यावर "सिंथेटिक" लिहिलंय एवढ्यावर भुलू नका. 1999 मध्ये अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातल्या जाहिरातीच्या वादात असा निर्णय लागला की खनिज तेलावर कडक हायड्रोजन प्रक्रिया करून बनवलेलं ग्रुप 3 तेलही सिंथेटिक म्हणून विकता येईल. ग्रुप 4, म्हणजे पीएओ हे रसायनांपासून बनवलेलं तेल, वेगळं आणि महाग. बाजारातली बरीचशी फुल सिंथेटिक तेलं आज ग्रुप 3 वरच आहेत, आणि ती चांगली आहेत. पाहायचं ते डब्यामागचं: एपीआय एसपी आणि आयएलसॅक जीएफ-6ए ही दर्जाची मानकं, आणि मॅन्युअलमधला ग्रेड. एसपी ही श्रेणी मे 2020 पासून आली. आधीची एसएन श्रेणी सांगितलेल्या इंजिनात ती चालते. 2025 पासून एसक्यू आणि जीएफ-7 आलंय, तेही चालेल. मॅन्युअल 0डब्ल्यू-16 सांगत असेल, तर त्याचं मानक जीएफ-6बी. त्याचं चिन्हही वेगळं असतं.

इकडून डबे न्यायची गरज नाही. भारतात तेच मिळतं, आणि विमानकंपनीचे नियम तपासण्यात तुमचा दिवस जाईल.

---

प्रेषक: जालनेकर, मिशिगन

ताईंनी ग्रेडचं सांगितलंच आहे. माझं म्हणणं असं की मराठवाड्यात ऑइलचा खरा शत्रू ऊन नाही. धूळ, छोटे फेरे आणि सुटं ऑइल, हे तीन.

छोट्या फेऱ्यांपासून सुरू करतो. घर ते बाजार दोन किलोमीटर, गाडी बंद. पुन्हा दोन किलोमीटर. ऑइल 80-90 अंशांपर्यंत पोचतच नाही. जळताना तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातल्या) ऑइलमध्ये मिसळून राहतं. ऑइल पातळ होतं, आंबट होतं, गाळ धरतं. ऑइल भरायचं झाकण उघडा: आतून साईसारखा पिवळट थर दिसला तर हेच झालंय. डिपस्टिकवरही तसाच रंग असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधली सीलची पट्टी) तपासून घ्या.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा वसमत किंवा जिंतूर रस्त्यानं अर्धा तास सलग गाडी चालवायला सांगा. ते जमत असेल तर वर्षातून एकदा ऑइल पुरे, जमत नसेल तर सहा महिन्यांनी. किलोमीटर कमी झाले म्हणून दोन-दोन वर्षं तेच ऑइल ठेवू नये. "10,000 किमी किंवा 12 महिने, जे आधी होईल ते" यातलं "आधी" महत्त्वाचं. दसऱ्याला गाडी धुऊन पूजा होतेच, त्याच्या आठवडाभर आधी ऑइल बदलायचं ठरवून टाका. तारीख विसरणार नाही, आणि पावसाळ्यातली ओलही निघून जाईल.

धुळीचं. काळ्या मातीच्या रस्त्यावरचा फुफाटा सगळ्यात बारीक. तो एअर फिल्टरच्या कडेनं आत गेला तर रिंग आणि सिलिंडर घासतो, मग ऑइल कितीही महाग असो. येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात गाडी नेली असेल, किंवा उसाच्या ट्रॉल्यांमागून रोजचं जाणं असेल, तर परत आल्यावर फिल्टरचा डबा उघडून बघा. फिल्टरच्या पुढच्या, इंजिनाकडच्या नळीत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर फिल्टर नीट बसलेला नाही, किंवा त्याचं रबर चिरलंय. क्लिपा सगळ्या लागल्यात का तेही बघा. एक सुटी राहणं फार नेहमीचं. हवेच्या पाइपनं बाहेरून मारलेला झोत धूळ कागदात आणखी रुतवतो. मारायचीच असेल तर हलकी हवा, आतल्या स्वच्छ बाजूनं बाहेर. त्यापेक्षा नवा फिल्टर टाका, ऑइलच्या मानानं स्वस्त पडतो.

आता बदलताना मिस्त्रींसमोर उभं राहून काय पाहायचं. बाबांना हे छापून द्या.

गाडी सपाट जागी, इंजिन पाच-सात मिनिटं चालवून बंद. चेंबरचा ड्रेन बोल्ट काढला की धार संपून थेंब पडायला लागेपर्यंत थांबायचं. घाईत बोल्ट लावला की काळं ऑइल आतच राहतं. बोल्टचं वायसर दर वेळी नवं. जुनंच लावलं की गळती, आणि गळती थांबवायला जोर लावला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळायचा ते, मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. पाना हातभर लांब घेऊन ओढायचं काम नाही.

फिल्टर काढल्यावर जुनं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. त्यावर नवा बसवला तर दोन रबरं एकावर एक येतात, आणि काही किलोमीटरांतच सगळं ऑइल रस्त्यावर. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑइल लावायचं, रबर टेकेपर्यंत हातानं फिरवायचं, मग आणखी पाऊण वळण. बस.

1.2 च्या गाडीत फिल्टरसकट तीन-साडेतीन लिटर लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमधून. 3.5 लिटरचा डबा पूर्ण रिकामा करायची सवय वाईट. आधी तीन लिटर घाला, मिनिटभर इंजिन चालवा, पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक बघा, मग थोडं थोडं. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत लिटरभराच्या आसपासचं अंतर असतं. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही.

---

प्रेषक: अंबाजोगाईकर, लंडन

काका, ताई, आमच्याकडं घरी डिझेल एसयूव्ही आहे, बीएस6, डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली). चुलते ट्रॅक्टरच्या ड्रममधलंच 15डब्ल्यू-40 तिच्यात टाकतात. डिझेलचंच आहे, बिघडतंय काय, असं त्यांचं म्हणणं. आणि डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतंय. हे कसं?

---

प्रेषक: नांदेडकर, ह्यूस्टन

दोन्ही गोष्टी आजच थांबवा.

ट्रॅक्टरचं ऑइल बहुधा सीआय-4 या डिझेल श्रेणीचं असेल. त्यात कॅल्शियम, झिंक यांचं प्रमाण जास्त. ते जळलं की राख उरते. डीपीएफमधली काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे गाडी स्वतः फिल्टर तापवून साफ करते तेव्हा, 600 अंशांच्या आसपास जळून जाते. राख जळत नाही, कायमची बसते, आणि डीपीएफ बदलायचं बिल मोठं असतं. म्हणून बीएस6 डिझेल कारला कमी राखेचं ऑइल सांगतात: एसीईए या युरोपीय मानकाचं सी2 किंवा सी3, राख 0.8 टक्क्यांपर्यंत. सी2 ला एचटीएचएस किमान 2.9, सी3 ला 3.5. दोन्हीतलं कोणतं आणि ग्रेड कोणता, ते तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल. फोक्सवॅगन-स्कोडासारख्यांचे स्वतःचे मंजुरी क्रमांक असतात, 504 00, 507 00 असे. डब्यावर तोच क्रमांक छापलेला हवा.

अमेरिकेतलं पेट्रोलचं एपीआय एसपी ऑइलही डीपीएफ डिझेलला आपोआप चालत नाही. सी2 किंवा सी3 वेगळं लिहिलेलं पाहिजे.

ऑइल वाढतंय कारण रिजनरेशन अर्धवट राहतंय. त्या वेळी बऱ्याच इंजिनांत एक्झॉस्ट तापवायला जादा डिझेल सोडलं जातं. गाडी मध्येच बंद केली की त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला हे वारंवार होतं. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर गाडी चालवू नका: ऑइल पातळ झालंय, आणि जास्त वाढलं तर ते हवेच्या वाटेनं इंजिनात ओढलं जाऊन इंजिन चावी फिरवूनही बंद होत नाही. आधी ऑइल आणि फिल्टर बदला. मग लातूर रस्त्यानं वीस-तीस मिनिटं, 60 ते 80 च्या वेगानं, एक गिअर खाली ठेवून सलग चालवा. डीपीएफचा दिवा तरीही लागलेला राहिला तर सर्व्हिस सेंटरला नेऊन रिजनरेशन करून घ्या. टर्बो आहे, तेव्हा घाट चढून आलात की बंद करण्याआधी मिनिटभर रिकामं चालू ठेवा.

---

प्रेषक: जालनेकर, मिशिगन

चुलत्यांना एक सांगा: ट्रॅक्टरला ते ऑइल योग्यच आहे, तिथं तेच ठेवा.

आणि सगळ्यांसाठी, सुट्या ऑइलबद्दल. ड्रममधून मापानं काढून दिलेलं घेऊ नका. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. बंद डबा घ्या, झाकणाखालची चंदेरी पट्टी आपल्या समोर फाडायला लावा, डब्यावरचा कोड मोबाइलवर तपासा, बॅच क्रमांक बिलावर लिहून घ्या. ऑइल भरून झालं की रिकाम्या डब्याच्या बुडाला तिथंच स्क्रूड्रायव्हरनं दोन भोकं पाडा. भोकाचा डबा पुन्हा भरून विकता येत नाही.

काढलेलं काळं ऑइल वाळवीसाठी लाकडाला किंवा गोठ्याच्या कडेला टाकू नका, त्यात कर्करोगकारक घटक असतात, आणि ते विहिरीच्या पाण्यात उतरतं. सर्व्हिस सेंटरवालेच अधिकृत रिसायकलरला देतात, त्यांच्याकडेच सोडा.