घर घेणाऱ्याचा स्वतःचा एजंट असावा का?

मुठाकाठ (धागाकर्ता):

गेल्या वर्षी पुण्यात पुनर्विक्रीतील सदनिका घेताना आलेल्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की घर घेणाऱ्याने स्वतःचा एजंट नेमावा. मात्र तो खरोखर स्वतःचा असावा, म्हणजे त्याचा मोबदला केवळ आपण द्यावा आणि तो आधी ठरलेल्या ठोक रकमेत द्यावा. आपण ज्याला ‘आपला एजंट’ म्हणतो, तो बहुतेक वेळा आपला नसतोच. पुनर्विक्रीत एकच माणूस विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून अशी दोन्हीकडून दलाली घेतो. नव्या प्रकल्पात तोच ‘चॅनल पार्टनर’ होतो आणि त्याचे पैसे बिल्डर देतो, त्यामुळे ग्राहकाला ती सेवा फुकट वाटते.

साधा हिशेब मांडतो. सदनिका 80 लाखांची आणि दलाली दोन्हीकडून एक-एक टक्का धरली, तर एजंटाला 1,60,000 रुपये मिळतात. त्याने माझ्यासाठी घासाघीस करून किंमत दोन लाखांनी उतरवली, तर त्याचे स्वतःचे 4,000 रुपये कमी होतात. आणि कागदपत्रे वाचून मी व्यवहारातून माघार घेतली, तर त्याचे सगळेच बुडतात. म्हणजे मला सावध करण्यात त्याचे थेट नुकसान आहे. मला पहिले घर दाखवणाऱ्या गृहस्थांनी सोसायटीचे अभिहस्तांतरण झालेले नाही, जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे, ही गोष्ट विसार देण्याची वेळ येईपर्यंत सांगितली नव्हती. त्यानंतर मी दुसऱ्या एजंटाला ठोक 60,000 रुपयांवर नेमले आणि समोरच्या पक्षाकडून एक रुपयाही घेणार नाही असे त्यांच्याकडून लिहून घेतले. त्यांनी दोन घरे मला दाखवण्यापूर्वीच बाद केली. एकाला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) नव्हते आणि दुसऱ्यावर बँकेचा बोजा होता.

दस्तऐवज:

आपला हिशेब मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. आपण सांगितलेले अभिहस्तांतरण, भोगवटा प्रमाणपत्र आणि बोजा हे तिन्ही दोष कागदावर सापडणारे आहेत, आणि कागद वाचणे हे वकिलाचे काम आहे. वकील मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासून शोध अहवाल देतो, त्याचे शुल्क सहसा ठरलेले असते आणि व्यवहार मोडला तरी त्याचे काही बिघडत नाही. आपल्याला हवा असलेला निःपक्षपाती माणूस पूर्वीपासूनच उपलब्ध आहे. त्याला एजंट म्हणण्याची गरज नाही.

नव्या प्रकल्पांबाबत तर ग्राहकाला आज जेवढी माहिती मिळते, तेवढी पंधरा वर्षांपूर्वी मिळत नव्हती. मे 2017 पासून महारेराच्या, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची मुदत, मंजुऱ्या आणि न्यायालयीन वाद पाहता येतात. रेरा कायद्याच्या कलम 13 नुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पुनर्विक्रीसाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतील आधीच्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहता येतात आणि शेजारची सदनिका कितीला गेली हे कळते. जे स्वतः दोन रविवार खर्चून होते, त्यासाठी 60,000 रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी का द्यावा? शिवाय ठोक रकमेचाही एक तोटा आहे: पैसे ठरलेलेच असतील, तर पंधरा घरे पाहण्यापेक्षा तिसऱ्याच घरावर आपले समाधान करण्याकडे त्या माणसाचा कल होणार.

ठाण्याची लेक:

दस्तऐवज यांचे म्हणणे गावात राहणाऱ्या, वेळ असलेल्या माणसाला लागू पडते. मी बेंगळुरूत नोकरी करते आणि ठाण्यात आई-वडिलांसाठी घर शोधत होते. वकिलाने कागद तपासले आणि ते स्वच्छ निघाले; पण उन्हाळ्यात त्या सोसायटीत रोज टँकर येतो, लिफ्टच्या दुरुस्तीवरून कमिटीत दोन तट पडले आहेत आणि वरच्या मजल्याच्या गळतीचे पाणी याच घराच्या भिंतीत मुरते, हे कोणत्याही शोध अहवालात लिहिलेले नसते. ते मला माझ्या एजंटबाईंनी सांगितले, कारण त्या तिथल्या वॉचमनशी आणि खालच्या किराणा दुकानदाराशी बोलल्या होत्या. विकणारे कुटुंब वाहनतळाचे वेगळे चार लाख मागत होते. बिल्डरला स्टिल्टमधील (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा वेगळी विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निर्णय आहे; त्यामुळे यांच्याकडे तरी ती विकण्याजोगी कशी आली, हा प्रश्न एजंटबाईंनीच प्रथम उपस्थित केला.

इंडेक्स टूबद्दलही एक सांगावेसे वाटते. त्यावरची किंमत खरी असली, तरी ते घर घाईत विकले गेले की नुकतेच नव्याने सजवलेले होते, हे तो कागद सांगत नाही.

पूर्व किनारा:

मी न्यू जर्सीत राहतो. इथे घेणाऱ्याचा वेगळा एजंट असण्याची पद्धत जुनी आहे, परंतु त्याची दलाली वर्षानुवर्षे विकणाऱ्याच्या हिश्श्यातूनच जात असे. 2023 मध्ये मिसुरीतील ज्युरीने या पद्धतीविरुद्ध निकाल दिला, त्यानंतर एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने 41.8 कोटी डॉलरची तडजोड केली आणि 17 ऑगस्ट 2024 पासून घर पाहायला नेण्यापूर्वीच ग्राहकाशी मोबदल्याची रक्कम नमूद केलेला लेखी करार करणे त्या संघटनेच्या सदस्यांना बंधनकारक झाले. धागाकर्त्यांचा मुद्दा इथे एवढी किंमत मोजल्यानंतर मान्य झाला, याची मला खंत वाटते. तरीही मोबदला बहुधा टक्क्यांतच ठरतो, त्यामुळे घर महाग पडले तर एजंटाला अधिक मिळते हा दोष इथेही तसाच राहिला आहे.

दस्तऐवज:

टँकरची आणि गळतीची बाब मी लक्षात घेतली नव्हती, हे मान्य करतो; परगावच्या ग्राहकाला स्थानिक माणूस लागतो. तरीही माझा मूळ आक्षेप कायम आहे. महाराष्ट्रात 2023 पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली, परंतु एका व्यवहारात दोन्ही बाजूंकडून पैसे घेऊ नयेत असे बंधन त्यातून आलेले नाही. तसे बंधन येईपर्यंत ‘स्वतःचा एजंट’ हा केवळ एका माणसाच्या शब्दावर उभा राहतो, आणि 80 लाखांचा व्यवहार मी कोणाच्या शब्दावर करणार नाही.

मुठाकाठ:

म्हणूनच मी ते शब्दावर न ठेवता लिहून घेतले. पत्र एका पानाचे होते: ठोक रक्कम, समोरच्या पक्षाकडून काहीही घेतल्यास आमचे सर्व पैसे परत, निम्मी रक्कम करारनाम्याच्या नोंदणीला आणि निम्मी ताबा मिळाल्यावर. घाईने तिसरेच घर गळ्यात बांधण्याच्या शंकेला उत्तर म्हणून मी चार महिन्यांची मुदत घातली आणि त्या मुदतीत नाकारलेल्या प्रत्येक घराचे कारण लेखी मागितले. वकीलही नेमला होताच. दोघांचे काम वेगळे आहे. तीन एजंटांपुढे हे पत्र ठेवले होते. पहिल्या दोघांनी ‘पुण्यात असे कोणी करत नाही’ असे सांगून ते परत केले, तिसऱ्यांनी ताब्याच्या रकमेची तारीख बदलून घेतली आणि सही केली.